"अगदी बापावर गेलाय!"

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हेच. कधी बापावर, कधी आजीवर, कधी घर सोडून गेलेल्या मामावर. सूर असा, की निकाल लागलेला आहे, आता फक्त भोगायचं बाकी. त्यातलीच एक गोष्ट सांगते, खाणाखुणा बदलून.

मीनाताई म्हणू त्यांना. घटस्फोट होऊन बरीच वर्षं झालेली, नववीतला मुलगा त्यांच्यापाशी. नवरा भयंकर तापट, ताट भिरकावणारा. आणि आता मुलगा दारं आपटायला लागला होता.

"मॅडम, चिडला की चेहरासुद्धा त्यांच्यासारखा होतो. त्या माणसापासून लांब वाढवला, तरी रक्त ते रक्तच ना?"

"तो चिडल्यावर तुम्ही काय करता?"

"काय करणार? स्वयंपाकघरात निघून जाते. पूर्वीही तेच करायचे."

त्यातलं 'पूर्वीही' मी लक्षात ठेवलं.

रक्ताची गोष्ट मी उडवून लावली नाही. 'सगळं संस्कारांवर असतं' असं सांगून मोकळं होणं सोपं असतं, पण ते खरं नाही आणि आईला पटतही नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी 1979 पासून, लहानपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेली जुळी शोधून तपासली. एकसारखी जुळी वेगळ्या घरांत वाढली तरी स्वभावाच्या चाचण्यांत त्यांच्यात जवळपास तेवढंच साम्य निघालं, जेवढं एका घरात वाढलेल्यांत असतं. (त्यातल्या, दोघांचंही नाव जिम असलेल्या जुळ्या भावांची गोष्ट लोकांना फार आवडते: दोघांच्याही पहिल्या बायकोचं नाव लिंडा, दुसरीचं बेटी. बायकोचं नाव जनुकांत नसतं, एवढं सांगितलं की ऐकणारे हिरमुसतात.) पुढे 2015 मध्ये पन्नास वर्षांतल्या जुळ्यांवरच्या 2,748 शोधनिबंधांचा एकत्र हिशोब झाला. त्यात सगळ्या गुणधर्मांची सरासरी काढली, तर माणसामाणसांतल्या फरकापैकी सुमारे 49 टक्के फरकाचा संबंध जनुकांशी लागला.

"म्हणजे निम्मा राग बापाचा?" मीनाताईंनी लगेच विचारलं.

हा गैरसमज सुशिक्षितांतही असतो. तो आकडा पुष्कळ लोकांमधल्या फरकाचा आहे. एका मुलाच्या रागाची त्यावरून वाटणी करता येत नाही. रागाचं असं एकच जनुकही नसतं. हजारो बारीक फरक मिळून कल ठरतो, आणि ते प्रत्येक मुलात नव्याने पिसले जातात.

हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसेना. मग मी विचारलं, "तुमचे दीर कसे आहेत हो?"

"भाऊजी? फार गरीब. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही."

"एकाच आईबापांचे ना दोघं? एकाच घरात वाढले?"

त्या गप्प झाल्या. मी पुढचा प्रश्न विचारला. "आणि लहानपणी तुम्ही?"

आता त्या पहिल्यांदा हसल्या. "आई मला फटाकडी म्हणायची. एकदा शाळेत बाईंशी भांडून दप्तर घेऊन सरळ घरी आले होते." आणि मग थांबून, जरा हळू, "मॅडम, हा माझ्यावरही गेला असेल का?"

त्या तासाचं मला आजही समाधान वाटतं. निम्मी जनुकं आईची, हे त्यांना शाळेपासून माहीत होतं. पण मुलातलं खटकेल ते सगळं नवऱ्याच्या खात्यावर मांडायची इतकी सवय झालेली, की स्वतःचा वाटा कधी मोजलाच नव्हता. आणि स्वतःच्या तापटपणाचं पुढे काय झालं, ते तर त्यांना ठाऊकच होतं. त्या काही ताटं भिरकावत नव्हत्या.

नंतर मुलाला बोलावलं. बराच वेळ तो पायाकडे बघत बसला. मग म्हणाला, "मी बोलायला लागलो की ही आत निघून जाते. मग ओरडावंच लागतं. आणि मावशीला फोनवर सांगते, बापावर गेलाय. मीपण म्हटलं, ठीक आहे, गेलोय."

वारसा असाही चालतो. मुलाचा उपजत कल घरच्यांकडून एक ठरावीक प्रतिसाद ओढून घेतो आणि तो प्रतिसाद कलाला खतपाणी घालतो. मीनाताई मुलापुढून उठून जात नव्हत्या, नवऱ्यापुढून जात होत्या.

मी विवेकनिष्ठ विचारसरणीची आहे, म्हणजे त्रास देणारे विचार तपासून त्यातले अविवेकी ते बदलायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीची. अविवेकी विचारांकडे माणूस जन्मतःच झुकलेला असतो, हे या पद्धतीचे जनक, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मान्यच केलं होतं, पण म्हणून त्यांनी हात टेकले नाहीत. मीनाताईंचं 'रक्तातच आहे, आता बदलणार नाही' हे वाक्य आम्ही तपासायला घेतलं. पहिला भाग काही अंशी खरा. दुसरा त्यातून निघतच नाही. किती पटकन पेटतो हा कल उपजत असेल, पेटल्यावर काय करायचं हे बरंचसं शिकता येतं.

म्हणून पालकांना माझं सांगणं असतं, की मुलासमोर आणि फोनवरसुद्धा तुलना बंद करा. ज्या माणसाची घरात सगळ्यांना चीड आहे, त्याचं नाव मुलाला चिकटवू नका. तो चिडला की खोलीतच थांबा, आवाज खाली ठेवा, 'दार आपटलेलं चालणार नाही, पण तुझं म्हणणं मला ऐकायचंय' एवढंच म्हणा. पहिल्या काही वेळा याचा उपयोग होणार नाही. मीनाताईंच्या घरीही झाला नाही. उलट आवाज वाढला. त्या मात्र उठल्या नाहीत. सहामाही परीक्षेपर्यंत दार आपटणं कमी झालं. पूर्ण थांबलेलं नाही. सुट्टीत तो काकांकडे राहून आला, तेही त्याने स्वतःच मागून.

मुलगा हात उचलत असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा झोप-जेवण-अभ्यास सगळंच बिघडलं असेल, तर एवढ्यावर भागणार नाही, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. आणि घरात कुणाला मानसिक आजार किंवा व्यसन होतं का, हे तिथे न लपवता सांगा. नातेवाइकांचा इतिहास डॉक्टरांना निदान करताना कामाला येतो.