फोटोंवरून काढलेली चित्रं पोर्टफोलिओत चालतील का?

प्रश्न : कला-डिझाइनच्या पदवीला अर्ज करायचा आहे. फोटोंवरून काढलेली पेन्सिल पोर्ट्रेट भरपूर आहेत. तीच पाठवू का?

उत्तर : एखाद-दुसरं चालेल, सगळी नकोत. फोटोत कोन, चौकट, छाया हे सारं कॅमेऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. तुम्ही ते फक्त उतरवता. परीक्षकांना तुमचे निर्णय पाहायचे असतात. म्हणून वस्तू समोर ठेवून काढा : बूट, नळ, घडीची खुर्ची. खुर्चीच्या पायांमधल्या रिकाम्या जागा आधी काढल्या की प्रमाण बरंच सुधारतं. माणसांची ३० सेकंदांची झटपट रेखाटनंही हवीत आणि २० मिनिटांचं सावकाश काढलेलं एखादंही.

संस्थेने संख्या दिली असेल तर तीच पाळा. नसेल तर १२ ते १५ कामं पुरेत. सर्वांत कच्चं काम आधी बाजूला काढा, नेमकं तेच लक्षात राहतं. एखाद्या कामामागची खाडाखोड, फसलेले पर्याय, स्केचबुकची पानं मात्र जरूर जोडा. डिझाइनसाठी तर तयार पोस्टरपेक्षा हीच पानं बारकाईने पाहिली जातात.

चित्रांचे फोटो घेताना फ्लॅश बंद. फ्लॅशमुळे पेन्सिलीचं ग्राफाइट (शिसं) चकाकतं आणि काळा भाग राखाडी दिसतो. खिडकीचा मंद उजेड बाजूने घ्या, फोन कागदाला समांतर धरा आणि मागे सरून दुप्पट झूम करा. फार जवळून घेतल्यास कडा फुगतात. कोळशाच्या चित्रावर फिक्सेटिव्ह (कोळसा पुसला जाऊ नये म्हणून मारायचा स्प्रे) साधारण ३० सेंटिमीटरवरून, मोकळ्या हवेत, दोन पातळ थरांत मारा. एकच जाड थर दिला की डाग पडतात.