सगळं मिळूनही रितं का वाटतं?

हवं ते सगळं मिळालं तरी समाधान टिकत नाही, हा माणसाचा स्वभावच आहे का, आणि तसं असेल तर जगण्याला अर्थ काय, असं तुम्ही विचारलंय.

हो, स्वभावच आहे. मिळालेल्या गोष्टीची मनाला सवय होते आणि नजर पुढच्या गोष्टीकडे वळते. १९७८ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी मोठी लॉटरी लागलेल्या २२ जणांची पाहणी केली. लॉटरी न लागलेल्यांपेक्षा ते फारसे सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, एखादा विनोद अशा साध्या गोष्टींतली गोडी त्यांना इतरांहून कमी वाटत होती. याच अभ्यासाचा हवाला देऊन, अपघातात हातपाय लुळे पडलेली माणसंही तितकीच सुखी असतात, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. त्याच अभ्यासातल्या अपघातग्रस्तांनी आपलं सुख इतरांपेक्षा कमीच सांगितलं होतं. म्हणून दुःखात असलेल्याला 'होईल सवय' म्हणणं मला क्रूरपणाचं वाटतं.

अर्थाचं मात्र वेगळं आहे. आईच्या शेवटच्या आजारपणात रात्री दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागायची. पाठीखाली हात घालून तिला हळूच वळवायचं, चादरीची चुणी काढायची, टाचा लाल झाल्यात का ते बघायचं. तेव्हा मी सुखी होते का? मुळीच नाही. झोपेचं खोबरं झालेलं, चिडचिड व्हायची. पण 'हे सगळं कशासाठी' असा प्रश्न मला त्या काळात पडला नाही. तो पडला ती गेल्यावर, हात रिकामे झाल्यावर.

तेव्हापासून मी सुख आणि अर्थ यांची गल्लत करत नाही. सुख येतं-जातं, त्याला धरून ठेवण्यात हशील नाही. अर्थ येतो तो कुणाचं तरी आपल्यावाचून अडतं तिथे. ते माणूस असेल, काम असेल, एखादं झाडसुद्धा असेल. 'समाजाची सेवा' वगैरे मोठं काही नको. आपण एक दिवस गेलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल, अशी एक जागा तुमच्या आठवड्यात आहे का, ते बघा. नसेल तर सुरुवात तिथून करा.

एक मात्र आवर्जून सांगते. झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर अर्थाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.