वाचकांचे प्रश्न : उजनीचे हिवाळी ऊन आणि पांढरे पक्षी

प्रश्न : डिसेंबरअखेर मी भिगवणजवळच्या कुंभारगावहून होडीने उजनी जलाशयात जाऊन पक्ष्यांची छायाचित्रे काढली. माझ्याकडे १५०-६०० मिमीची लेन्स आहे. धुक्यातली पहाटेची छायाचित्रे काळवंडलेली आणि हललेली आली, आठच्या सुमारास रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची पिसे नुसता पांढरा डाग होऊन बसली आणि दहानंतरची छायाचित्रे शटर १/२००० सेकंद असूनही पुसट आली. लेन्स सदोष असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांतले एकही लेन्समध्ये असेल असे मला वाटत नाही.

समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून कॅमेऱ्याचा प्रकाशमापक चालतो. त्यामुळे उजळ धुक्याने भरलेली चौकट त्याला अतिप्रकाशित वाटते आणि तो चित्र गडद करतो. धुक्यात एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मापकाने ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय) अधिक दोन तृतीयांश ते अधिक एक ठेवावे. चित्रे हलली ती बहुधा होडीच्या हेलकाव्यांमुळे. ६०० मिमीवर उभ्या पक्ष्यासाठीही शटर १/८०० च्या खाली आणू नये, मग आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत चढला तरी चालेल, कारण दाणेदार चित्र नंतर बरेच सुधारता येते, हललेले मात्र सुधारत नाही.

आठच्या उन्हातली अडचण अधिक बारकाईने समजून घेण्यासारखी आहे. गडद पाण्यात चौकटीचा लहानसा भाग व्यापणारा पांढरा पक्षी असला, की मापक पाण्याच्या हिशेबाने प्रकाश वाढवतो आणि पिसांतला तपशील जातो. तोच पक्षी उडून उजळ आकाशासमोर आला, की मापक आकाशाच्या हिशेबाने प्रकाश कमी करतो आणि पक्षी काळा पडतो. वास्तविक या दोन क्षणांत पक्ष्यावर पडणारे ऊन तेच असते, बदलते ती फक्त त्याच्यामागची पार्श्वभूमी. म्हणून ऊन स्वच्छ असताना मी पूर्ण मॅन्युअल मोड (सगळी मोजमापे स्वतः ठरवण्याची पद्धत) वापरतो आणि सूर्य पाठीशी राहील अशी होडी लावायला नावाड्याला सांगतो. आठच्या कोवळ्या उन्हात अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत येण्याचे छिद्र) एफ ६.३, शटर १/२००० आणि आयएसओ ८०० येथून सुरुवात करावी, एक छायाचित्र काढून हिस्टोग्राम (चित्रातल्या गडद ते उजळ छटांचा आलेख) उजव्या, म्हणजे उजळ, कडेला जाऊन भिडला नाही ना हे पाहावे, आणि ऊन भराभर चढत असल्यामुळे दर दहा-पंधरा मिनिटांनी ही तपासणी पुन्हा करावी. चाचणीसाठी मला पट्टकदंब (बार-हेडेड गूज) फार उपयोगी वाटतो, कारण त्याच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात आणि त्या पांढऱ्यात पिसे दिसत असतील, तर मोजमाप बरोबर आहे असे समजावे. ढगांची ये-जा असेल तेव्हा मात्र शटर आणि अ‍ॅपर्चर आपण ठरवून आयएसओ ऑटोवर सोडावा. छायाचित्रे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ) स्वरूपातच घ्यावीत.

दहानंतरच्या पुसटपणावर शटरचा इलाज नाही. ऊन वाढले, की पाण्यालगतच्या आणि चिखलपट्ट्यांवरच्या हवेत कमी-अधिक तापमानाचे थर हलू लागतात, त्यांतून येणारा प्रकाश सतत वाकत राहतो आणि दूरचा पक्षी लहरताना दिसतो. शटर कितीही वेगवान केले, तरी वाकलेला प्रकाशच टिपला जातो. अंतर जितके जास्त तितका हा दोष मोठा, म्हणून त्या वेळी दूरचे थवे सोडून जवळ येणारे कुरव (गल) आणि सुरय (टर्न) हे पाणपक्षी टिपावेत किंवा कॅमेरा ठेवून दुपारी चारनंतर पुन्हा यावे.

जवळ येणारे म्हणजे स्वतःहून येणारे, हे मुद्दाम सांगतो. कुरवांना फरसाण टाकून बोलावणे आणि रोहितांच्या पंखांतला गुलाबी रंग दिसावा म्हणून होडी थव्यात घालून त्यांना उडवणे, हे दोन्ही प्रकार पाहून मला फार वाईट वाटते. जड अंगाच्या रोहिताला पाण्यावर बरीच पावले धावल्याशिवाय उडता येत नाही, आणि खाण्याच्या वेळेत वारंवार अशी धाव घेणे त्याला महागात पडते. उड्डाणाचे चित्र हवे असेल, तर होडी लांब थांबवून थव्याच्या मानांकडे लक्ष ठेवावे. खाणे थांबवून बऱ्याच पक्ष्यांनी माना उंचावल्या आणि सगळे एकाच दिशेने चालू लागले, की उड्डाण जवळ आले असे समजून शटर १/२००० वर तयार ठेवावे.