ट्रेनरच्या परीक्षेला बसताना

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

एसीईच्या, म्हणजे अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजच्या, ट्रेनर-परीक्षेची फी भरलीस, पुस्तक हातात पडलं आणि त्यातलं इंग्रजी बघून धडकी भरली, असं कळवलंस. मराठी माध्यमातून शिकलेल्या कितीतरी मुलांनी ही परीक्षा दिली आहे, त्याची काळजी सोड. मला काळजी वाटते ती तू पहिल्या पानापासून स्नायूंची नावं घोकायला बसलास याची. नावं यायलाच हवीत. पण या परीक्षेत बहुतेक वेळा एक माणूस तुझ्यासमोर उभा केला जातो आणि विचारलं जातं, आता याच्यासाठी काय करशील?

समज, एक बाई आहेत. वय 54, रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकरची गोळी चालू, वजन कमी करायचंय. व्यायामाची तीव्रता कशावरून ठरवशील? हृदयाचे कमाल ठोके काढायचं 220 वजा वय हे सूत्र तुला झोपेतही येतं, म्हणून मन लगेच 166 कडे धावतं. पण ही गोळी ठोके फारसे वाढूच देत नाही. बाई धापा टाकत असतील आणि हातातलं घड्याळ शांतपणे 110 दाखवत असेल. घड्याळावर विसंबून त्यांना आणखी पळवलंस तर जिवाशी खेळ होईल. इथं उत्तर आरपीई, म्हणजे किती दमल्यासारखं वाटतंय हे त्यांनाच विचारायचं. हा दम आकड्यात सांगायची बोर्गची मोजपट्टी 6 पासून 20 पर्यंत का, तेही समजून घे. त्या आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुण माणसाच्या ठोक्यांचा साधारण अंदाज येतो. एकदा कारण कळलं की आकडा पाठ करावा लागत नाही.

टॉक टेस्टचं, म्हणजे बोलता येतंय का यावरून तीव्रता ओळखण्याचं, तसंच. रविवारी सकाळी आईला ठाण्याच्या तलावपाळीला घेऊन जा. आधी पार-क्यूचे, म्हणजे व्यायामाआधीच्या तब्येतीच्या प्रश्नावलीतले, प्रश्न विचार, घरचं माणूस म्हणून ते गाळू नकोस. मग मासुंदा तलावाभोवती चालताना तिला शाळेतली प्रतिज्ञा म्हणायला सांग आणि हळूहळू वेग वाढव. 'भारत माझा देश आहे, सारे भारतीय माझे बांधव आहेत' आरामात, सलग निघतंय तोवर ती व्हीटी1 च्या, म्हणजे श्वास जड होऊ लागण्याच्या पहिल्या उंबरठ्याच्या, खाली आहे. मध्येच श्वासासाठी थांबावं लागलं, बोलणं नकोसं वाटायला लागलं, की व्हीटी1 ओलांडला. तिथेच थांबव. एका शब्दापलीकडे बोलवतच नाही ती व्हीटी2 ची, म्हणजे दुसऱ्या उंबरठ्याची, अवस्था. ती हवी तर स्वतःवर येऊरच्या चढावर अनुभव.

आता ज्या भागात आपली मुलं हमखास गुण घालवतात तो भाग. आपल्याकडे मेंबर जिमच्या फ्लोअरवर येऊन सहज म्हणतो, 'सर, डाएट लिहून द्या, पावडर कुठली घेऊ?' आणि आपणही सांगून टाकतो. परीक्षेत ते चालत नाही, आणि खरं तर फ्लोअरवरही चालू नये. संतुलित आहाराची सर्वसाधारण माहिती देणं तुझं काम. मधुमेहाच्या माणसाला आहार आखून देणं हे आहारतज्ज्ञाचं. गुडघा दुखतोय म्हटल्यावर लिगामेंट गेलं असेल असं सांगणारा पर्याय दिसला की तो आधी काट. छातीत दुखलं, चक्कर आली, तर व्यायाम तिथेच थांबवायचा. मात्र प्रत्येक प्रश्नाला 'डॉक्टरांकडे पाठवा' हेही उत्तर नसतं. माणूस निरोगी आहे आणि स्क्वॉटमध्ये त्याचे गुडघे आत येतायत, तर ते सुधारणं तुझंच काम आहे.

वर्तनबदलाचं प्रकरण कंटाळवाणं वाटेल. तरी ते दोनदा वाच. 'डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आलो' म्हणणाऱ्या काकांना पहिल्याच दिवशी बारा आठवड्यांचा तक्ता देऊन उपयोग नसतो. त्यांना आधी बोलू द्यायचं असतं. या धड्यावरचे प्रश्न सोपे दिसतात आणि तिथेच घाई होते.

तीन तासांत 150 प्रश्न, त्यातले 125 च गुणांत धरतात, पण कुठले ते कळत नाही. 800 पैकी 500 ला पास. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही नाही. अडलास तर खूण करून पुढे जा आणि शेवटी एकही कोरा ठेवू नकोस. सकाळ-संध्याकाळच्या शिफ्टमधला दुपारचा वेळ वस्तीतल्या अभ्यासिकेत घालव. घरी पडलास की झोप लागणार.

सीपीआर-एईडीचं, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचं आणि झटका देणारं यंत्र वापरण्याचं, प्रशिक्षण अजून बाकी आहे ना? ते पुतळ्यावर प्रत्यक्ष दाबून शिकवतात तिथेच कर. मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. व्हिडिओ बघून हाताला तो जोर कळत नाही. आणि नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर आहे अगदी तसंच लिही, वडिलांच्या नावासकट. आधार आणि पासपोर्टवर स्पेलिंग वेगळं असेल तर या आठवड्यातच दुरुस्तीला टाक.

तुझे सर