अंगठा घेतलेला तो कागद आधी शोधा

प्रश्न : मी पंचवटीत राहते, मिस्टर जाऊन चार वर्षं झाली. इंदिरानगरला आमचा वन बीएचके आहे तो एका फॅमिलीला 9,500 रुपये भाड्याने दिलाय, डिपॉझिट 25,000. 11 महिन्यांचा करार गेल्या मे महिन्यात संपला, नवीन केलाच नाही, माणसं बरी वाटली म्हणून राहू दिलं. दिवाळीपासून भाड्याची बोंब आहे, फोन केला की पुढच्या आठवड्यात म्हणतो, मी दारात जाऊन बसले की एखाद्या महिन्याचं देतो आणि परत गप्प, असे 5 महिन्यांचे 47,500 थकलेत. धाकटे दीर म्हणतात, वहिनी लाइट तोडू आणि कुलूप ठोकू. करार नोटरी होता की रजिस्टर ते मला कळत नाही, एजंटने घरी येऊन लॅपटॉपला लावलेल्या मशीनवर अंगठा घेतला होता एवढं आठवतं. काय करू?

उत्तर : ताई, आधी दिरांना थांबवा, आजच. त्यांची तळमळ खरी आहे पण कुलूप ठोकलं की केस उलटी फिरते, कायद्याबाहेर जाऊन काढलेला माणूस 6 महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो आणि मग भाडं राहिलं बाजूला, तुम्हीच उत्तरं देत बसाल. लाइट-पाण्याचंही तेच, भाडेकरूचं पाणी किंवा लाइट तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्यात गुन्हाच आहे.

आता तो अंगठा. मशीनवर अंगठा घेतला म्हणजे बहुतेक ऑनलाइन रजिस्टर लिव्ह अँड लायसन करार (ठराविक मुदतीपुरतं घर फक्त वापरायला देण्याचा) आहे, नोटरीला असं मशीन लागत नाही. कपाटात प्रिंट असेल, त्यावर दस्त क्रमांक (नोंदणीचा नंबर) आणि दुय्यम निबंधकांचं, म्हणजे नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आहे का बघा, नसेल तर एजंटकडून मागून घ्या. तो सापडला तर तुमची बाजू भक्कम आहे, कारण 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 प्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या घराची मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो, नेहमीच्या दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जायची गरज नाही. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत समोरच्याने शपथपत्र देऊन लढायची परवानगी मिळवावी लागते, नाही मिळाली तर घर खाली करायचा आदेश होतो. शिवाय मुदत संपल्यानंतर राहिला त्या काळाची दुप्पट दराने भरपाई मागता येते, म्हणजे तुमच्या केसमध्ये महिन्याला 19,000.

एक अडचण मात्र आहे. मे नंतरही तुम्ही भाडं घेत राहिलात, त्याचा वकील म्हणणार की हा नवीन करारच झाला. म्हणून यापुढे पैसे आले तर कॅश घेऊच नका, बँकेतच मागवा आणि हक्क राखून, भरपाईपोटी घेतेय असं लेखी कळवा. आत्तापर्यंत कुठल्या तारखेला किती दिले ते वहीत लिहून काढा, व्हॉट्सअॅपवरचं त्याचं "पुढच्या आठवड्यात देतो" अजिबात डिलीट करू नका.

ज्यांचा करार रजिस्टर नाही किंवा जुना भाडेकरू आहे, त्यांचा रस्ता लांबचा. आधी थकबाकीची लेखी नोटीस, ती भाडेकरूला मिळाल्यावर 90 दिवस थांबायचं, मगच नाशिकच्या दिवाणी कोर्टात दावा. त्यातही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत त्याने सगळी थकबाकी 15 टक्के साध्या व्याजासकट भरली, दाव्याचा खर्च दिला आणि निकालापर्यंत दरमहा भरत राहिला तर या कारणावर घर खाली होत नाही. हे सवयीचे चुकार लोक पक्कं ओळखून असतात, कोर्टापर्यंत ताणायचं आणि मग भरायचं, आणि मला याची खरंच चीड येते, कारण समोर बहुतेक वेळा तुमच्यासारखं त्या भाड्यावर घर चालवणारंच कुणीतरी असतं. अशा वेळी पहिलं भाडं थकलं की लगेच नोटीस द्या, नोटिशीत आकडा अचूक हवा, फुगवू नका. करार रजिस्टर करायची जबाबदारी कायद्याने घरमालकाचीच आहे, कागद नसेल तर अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं आधी धरलं जातं.

डिपॉझिटचे 25,000 स्वतःहून वळते करून टाकू नका, हिशोबात फक्त दाखवा. आणि लाइट बिल तुमच्या नावावर असेल तर भरत राहा, पावत्या जपून ठेवा, त्या रकमाही मागता येतील.