आधी टप्पे समजून घे

करपद्धत किचकट आहे आणि पगारवाढीने कर वाढेल याची भीती वाटते, असं तू म्हणतोस. किचकट आहेच, पण तू भलत्याच जागी घाबरतोयस. पगार वाढून उत्पन्नाच्या वरच्या टप्प्यात (म्हणजे जास्त दराच्या स्लॅबमध्ये) गेलो की सगळ्याच रकमेवर जास्त कर, हा समज आधी काढून टाक. टप्प्यांच्या पद्धतीत वरचा दर फक्त त्या मर्यादेपलीकडच्या रकमेला लागतो. (याच भीतीने मी एकदा जादा काम नाकारलं होतं. वेडेपणा, दुसरं काय!)

वजावट उत्पन्नातून होते, थेट करातून नाही. दर २० टक्के असेल तर १०० च्या वजावटीवर वाचतात २०च. खरा गुंता वजावटीसारख्या सवलतींनीच केलाय. एस्टोनियात कराचं विवरणपत्र आधीच भरलेलं मिळतं, लोक तपासून पाठवतात. तुला ती सोय नसेल तर पगारातून कापलेल्या कराचा दाखला तेवढा जपून ठेव.