क्लोरीन विषारी, मग मीठ कसं काय चालतं?

प्रश्न: मुलीचा सायन्सचा अभ्यास घेताना अडकले. एका पानावर क्लोरीन विषारी वायू, महायुद्धात वापरला वगैरे, आणि पुढे मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड. ती म्हणते, आई मग आपण रोज विष खातो का? मी विषय बदलला!

उत्तर: विषय बदललात ते समजू शकतो, पण प्रश्न शंभर नंबरी आहे. क्लोरीन, फ्लुओरीन, ब्रोमीन, आयोडीन ही हॅलोजन मंडळी आवर्तसारणीत १७व्या गणात बसतात आणि सगळ्यांचं दुखणं एकच, बाहेरच्या कवचात ७ इलेक्ट्रॉन, पाहिजेत ८, त्यामुळे त्या एकासाठी जीव नुसता खालीवर आणि समोर जो येईल त्याच्याकडून ओढायचा, मग ते तुमचं फुप्फुस का असेना. १९१५च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ, पहिल्या महायुद्धातल्या क्लोरीनच्या हल्ल्यात, सैनिकांचं जे झालं ते ह्याच ओढाओढीतून. सोडियमचं नेमकं उलट, त्याला बाहेरचा एक इलेक्ट्रॉन जड झालेला. दोघांची गाठ पडली की एकाने दिला दुसऱ्याने घेतला, क्लोरीनचं क्लोराईड झालं, भूक मिटली, आता ते कुणाच्या वाटेला जात नाही. आडनाव तेच, पण माणूस वेगळा म्हणा ना. हॅलोजन ह्या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी मीठ तयार करणारा.

प्रश्न: बाथरूम चकाचक व्हावं म्हणून ब्लीच टाकलं आणि वरून टॉयलेट क्लीनर. दोन मिनिटांत घसा धरला, डोळ्यांतून पाणी. असं का झालं?

उत्तर: अहो, तुम्ही घरात क्लोरीन वायू बनवलात! ब्लीचमधल्या सोडियम हायपोक्लोराईटमधला क्लोरीन वरच्यासारखा शांत झालेला नसतो, अर्धवट उपाशीच असतो, म्हणून तर तो डाग आणि जंतू मारतो, आणि बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते पडलं की तो वायू होऊन सुटतो. हवेपेक्षा जवळपास अडीच पट जड, म्हणून खाली साचून राहतो आणि आपण नेमके वाकून घासत असतो. पुन्हा कधी असं झालं तर बघत थांबू नका, श्वास रोखून मोकळ्या हवेत या, खोकला थांबला नाही तर डॉक्टर. अमोनियावाल्या क्लीनरबरोबरही ब्लीच नको, तिथे क्लोरामाईन नावाचा दुसरा त्रासदायक वायू तयार होतो. स्विमिंग पूलचा जो 'क्लोरीनचा वास' आपण म्हणतो तो बराचसा ह्याच जातीचा, म्हणजे क्लोरीन आणि लोकांचा घाम, लघवी यांची मिसळ. वास जास्त म्हणजे पाणी स्वच्छ असं अजिबात नाही. सांगितल्याबद्दल सॉरी.

प्रश्न: टूथपेस्टमध्ये फ्लुओराईड आणि नॉनस्टिक तव्यातही फ्लुओरीन, खरं आहे का?

उत्तर: खरं आहे, पण कामं वेगळी. पेस्टमधलं फ्लुओराईड दाताच्या इनॅमलमध्ये, म्हणजे वरच्या कडक थरात, जाऊन बसतं आणि मग तो थर ॲसिडला कमी दाद देतो. तव्यावरच्या टेफ्लॉनमध्ये फ्लुओरीनने कार्बनला इतकं घट्ट धरलेलं असतं की बाकी कुणाशी त्याला घेणंदेणं राहत नाही, म्हणून काही चिकटत नाही. हे टेफ्लॉन १९३८ साली चुकून सापडलं. निव्वळ फ्लुओरीन मात्र सगळ्यांत खवळलेलं, ते वेगळं काढायच्या नादात काही शास्त्रज्ञांनी जीव गमावला, शेवटी १८८६ मध्ये आंरी म्वासाँ ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला जमलं आणि १९०६चं नोबेल मिळालं. लहान मुलांना पेस्ट थोडीच द्या आणि थुंकायला लावा, लहानपणी फ्लुओराईड जास्त पोटात गेलं तर पक्क्या दातांवर डाग येतात.

प्रश्न: हॅलोजन बल्बमध्ये हेच हॅलोजन असतं?

उत्तर: हो, थोडंसं ब्रोमीन किंवा आयोडीन. तापलेल्या तारेवरून उडालेलं टंगस्टन काचेवर काळं बसण्याआधी ते त्याला पकडतं आणि परत तारेकडे नेऊन सोडतं. बदलताना काचेला बोट लावू नका, बोटाच्या तेलाने तेवढीच जागा जास्त तापते आणि काच तडकू शकते.